काटा

सिव्हिलच्या तळमजल्यावर, दुपारी अडीचला,
अंबव्वा गुंडेटी, वय एकेचाळीस, राहणार विडी घरकुल,
काचेच्या पट्टीवर माझ्यासमोर येते.
निळ्या पेशी, नारिंगी पेशी.
केंद्रकं फुगलेली, भोवती रिकामी वलयं,
जणू आत कुणी भाड्यानं राहून
रातोरात खोली सोडून गेलंय.

गेलेलं नाही.

बाबांच्या मागाला एक काटा होता.
आडवा धागा तुटला, कांडी संपली,
काट्याला सूत लागलं नाही, की खटका पडायचा.
माग जागच्या जागी उभा.
बाबा म्हणायचे, "आगु."
आमच्या तेलुगूत आगु म्हणजे थांब.
मग गाठ मारायची, मग पुढं.
वर पुठ्ठ्यांची माळ फिरायची, भोकाभोकांची,
हा धागा उचल, तो सोड,
आणि खाली चादरीत मोर उतरायचा, शेपटीसकट.

पेशीतही माळच. फक्त तीन अब्ज अक्षरांची.
आणि काटा. त्याला धड नावही नाही, नंबर आहे:
पी त्रेपन्न.

विषाणू जेमतेम आठ हजार अक्षरांचा.
माग नाही, सूत नाही, जागा नाही.
दुसऱ्याचा माग चालू राहिला तरच त्याचं कापड निघणार.
त्याची दोन माणसं कामाला.
ई सात दाराशी जातो.
तिथं आरबी नावाचा मुकादम पाठ टेकून उभा,
"अजून वेळ झाली नाही" एवढंच म्हणणारा.
ई सात त्याच्या खांद्यावर हात टाकतो, बाजूला नेतो,
आणि भोंगा न होताच पाळी सुरू होते.
ई सहा जास्त हुशार.
तो काट्याला स्वतः हात लावत नाही.
पेशीतलाच एक कारकून गाठतो,
त्याच्या हातून काट्यावर चिठ्ठी डकवतो: भंगार.
पुढचं पेशीच करते. इमानदारीनं.

आता तुटक्या धाग्यावरच विणकाम.
ओढायला दोन टोकं हवीत, इथं तीन होतात,
माळ तिन्हीकडं ताणली जाते, फाटते, भलतीकडं शिवली जाते.
मोराला तिसरा पाय.
मग मोराला डोकं नाही.
मग मोर नाही.

आणि खरं सांगायचं तर हे विषाणूलाही नको होतं.
त्याची माळ तुटून अंबव्वाच्या माळेत शिवली गेली
की त्यालाही बाहेरची वाट राहत नाही.
दोघांचा धंदा एकदम बुडतो.

हे सगळं परीक्षेला पाठ होतं.
पुस्तकात नव्हतं ते असं:
दिवाळीच्या आधी, मजुरी मीटरवर,
माग थांबला की तोटा,
तेव्हा बाबा काटा सुतळीनं बांधून टाकायचे.
सुतळीचं दुसरं टोक मी धरायचे.
आठ वर्षांची होते. गाठ चांगली बसायची.

फॉर्मवर लिहिलंय: अंगावरून जाणं, चौदा महिने.
"आधी का नाही आलात?"
ती बोटांकडं बघत होती.
"हजार विड्या भरायच्या असतात. थांबलेलं कोण मोजतं?"
तंबाखूनं पिवळी झालेली बोटं
रिकामी असूनही वळत होती.

रिपोर्टात सुतळीसाठी रकाना नाही.

पुन्हा डोळा लावते. कोपऱ्यात एक पेशी,
दुभंगता दुभंगता तीन टोकांना ताणलेली.
थांबलीय. पण ती अल्कोहोलनं थांबवलीय,
काचेवर, बाटलीतल्या अल्कोहोलनं.
अंबव्वाच्या आत तिच्या बहिणींना कुणी थांबवलेलं नाही.

फोन लावते. मुलगी उचलते.
मागं कात्रीचा आवाज, पानं कापल्याचा,
एकसारखा.
"आई कामात आहे."
"तिला सांग," मी म्हणते, आणि मराठी सुचत नाही,
"आगु म्हणून सांग तिला.
सिव्हिलमधून सांगितलंय म्हण. आगु."

कात्री चालूच असते.